उघडी ओळ

गजालानं भिजवलेली बी चिमट्यात धरली, काचेच्या पट्टीवर उभी ठेवली आणि पात्यानं मधोमध कापली. वरचं कवच तपकिरी, आतला गर पांढरा आणि काठोकाठ भरलेला. ही दुसऱ्या ओळीतली बी होती. तिनं वहीत नोंद केली आणि पुढची बशी जवळ ओढली. ह्या बशीवर पहिल्या ओळीची चिठ्ठी होती. बशीतल्या पाण्यात बावीस बिया सोडल्या होत्या आणि त्यातल्या तेरा वर तरंगत होत्या. भरलेली बी तळाशी बसते, पोकळ असली की वर येते. तिनं एक तरंगती बी उचलून कापली. कवच पातळ होतं, आणि आत गर असायचा तिथं सुकलेल्या पापुद्र्याखेरीज काही नव्हतं.

अकोल्याबाहेरच्या ह्या संशोधन मळ्यावर तिच्या वाट्याला द्राक्षांच्या तीन ओळी आल्या होत्या. घरी अचलपूरला फारुखमामू तिला चिडवायचे, की संत्र्याच्या मुलखातली पोरगी अंगूर शिकते आहे, म्हणजे आता नाशिकवाल्यांनी संत्री लावायला हरकत नाही. तिचा प्रयोग मात्र साधा होता. ऊन आणि उजेड कमी-जास्त झाला तर वेल कशी वाढते, आणि मण्याच्या आतली बी कशी घडते, एवढंच पाहायचं. दुसऱ्या ओळीवर पातळ हिरवं नेट, तिसरीवर दाट. दोन्ही नेटं मणी धरल्यानंतर, डिसेंबरात चढवायची. पहिली ओळ बारा महिने उघडी. ती मोजपट्टी होती, बाकी दोघींना तिच्याशी ताडून पाहायचं होतं. ह्या वर्षी नेमकी मोजपट्टीच मोडली होती, आणि ती कुणी मोडली हे गजालाला चांगलं ठाऊक होतं.

दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज आला. खुशालराव उंबऱ्यापलीकडेच थांबले. मळ्यावर तीस वर्षं काढलेला हा माणूस. पूर्वी ते बोलत बोलतच आत यायचे, आल्या आल्या पंखा लावायचे आणि मग विचारायचे की लावू का. आता ते दारात उभे राहून बोलावण्याची वाट पाहत.

"या ना, काका."

ते आत आले. शर्टाच्या खिशातून त्यांनी लांबट वही काढली, दोन पानं उलटली आणि तिच्यासमोर धरली.

"सकाळी तू म्हनली होतीस, तिसऱ्या ओळीले पानी अर्धाच घंटा. ते मी लिवलं हाय. बराबर असन तं सही करून दे."

गजालानं सही केली. त्या पानावर तिच्या आणखी चार सह्या होत्या. नोव्हेंबरपासून हे चाललं होतं. ती जे जे सांगेल ते खुशालराव तारीख-वेळ घालून लिहून काढत आणि त्याखाली तिची सही घेत. मळ्यावरच्या बायका हसायच्या, की काका आता तहसीलदार झाले, सहीशिवाय पाण्याचा कॉक फिरवत नाहीत. खुशालरावही त्यांच्याबरोबर हसायचे.

"रोज रोज सही कशाले, काका? मी सांगतलं म्हनजे सांगतलं."

"तुले आठवन. मले नाही आठवलं तर?"

ह्या बोलण्यात कुठंही टोमणा नव्हता. असता तर गजालाला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, निदान मान खाली घालता येते. खुशालराव तर सरळ मनानं, तिच्या भल्यासाठीच वही घेऊन फिरत होते.

मग वही खिशात ठेवता ठेवता त्यांनी बाकीचं सांगितलं. त्यांचा मुलगा किशोर बडनेऱ्याला रेल्वेत होता. त्यानं अमरावतीच्या एका डोक्याच्या डॉक्टरकडे सोमवारचा नंबर लावला होता. आणि डॉक्टर काहीही म्हणाला तरी खुशालराव ह्या शनिवारीच मळ्याच्या किल्ल्या देऊन टाकणार होते. अर्ज किशोरनं लिहून दिला होता, त्यांनी फक्त सही करायची होती.

"दोन वर्सं बाकी हायेत म्हना," ते म्हणाले. "पन अशा डोक्यानं वेलीपाशी उभं राहनं बरं नाही. उद्या एखाद्या ओळीवर भलतंच औषध मारून देईन. तुवा तीन वर्सांचा अभ्यास पान्यात जाईन."

जाताना त्यांनी पंखा बंद करायला हात वर केला, थांबले, तिच्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. गजालानं पुढची बी कापली ती वाकडी कापली गेली आणि चुकून दुसऱ्याच बशीत पडली. तिनं पातं खाली ठेवलं. ह्या माणसाचं हे असं होणं तिच्या एका वाक्यानं घडवलं होतं, आणि हे जगात फक्त तिला एकटीलाच माहीत होतं.

मे महिन्यात तिची बहीण नगमाचं लग्न होतं. गजाला तीन आठवड्यांची रजा टाकून अचलपूरला गेली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं, एक जण पेटीची चावी मागतोय, दुसरा विचारतोय बर्फ आला का, आणि ती अंगणात ताटं मोजत बसलेली. फोन वाजला तो तिनं कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला. पलीकडे खुशालराव होते. आज सेहेचाळीस हाय, ते म्हणाले, पयल्या ओळीचे शेंडे चहापत्तीवानी करपून राहिले, काय करू? कुणीतरी पुन्हा पेटीची चावी मागितली. गजाला म्हणाली, नेट टाकून द्या काका, मी आली की पाहू. फोन खाली ठेवला आणि ताटं पहिल्यापासून मोजायला घेतली, कारण आकडा विसरला होता.

असं सांगायचं नसतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. एप्रिलात खरड छाटणी झाली की नव्या काड्या फुटतात, आणि त्यानंतरचे चाळीस-साठ दिवस पानांच्या बेचक्यातल्या प्रत्येक डोळ्यावर ऊन पडावं लागतं. पुढच्या हंगामाचा घड त्या डोळ्यात तेव्हाच धरतो. तो दिसत नाही, हाताला लागत नाही, पण धरायचा असेल तर तेव्हाच. शेंडे करपले तर पुन्हा फुटतील; उजेड गेला तर घड गेला. प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिनं ह्यावरच लिहिलं होतं.

नेट एकोणीस दिवस राहिलं. ती परतली तेव्हा पहिली ओळ हिरवीगार, लांबच लांब काड्यांची, पाहणाऱ्याला वाटावं किती छान जोम आहे. हा सावलीतला जोम आहे, हे गजालानं ओळखलं. तिनं स्वतः नेट उतरवलं, घडी घालून कोठीत ठेवलं आणि नोंदवहीत त्या एकोणीस दिवसांबद्दल काहीच लिहिलं नाही. होईल नीट, तिनं मनाला समजावलं, एवढ्यानं काही होत नसतं. विज्ञानाच्या विद्यार्थिनीनं मनाची अशी समजूत काढावी ह्याची लाज तिला तेव्हाही वाटली होती, पण ती तिनं नेटाबरोबर कोठीत टाकली.

ऑक्टोबरात फळछाटणी झाली. नोव्हेंबरात नवी फूट आली तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत काडीकाडीला घड दिसू लागले. पहिल्या ओळीत वीस वेलींपैकी सहावर कसेबसे दुबळे घड होते, बाकीच्या नुसत्याच पालेदार. तिच्या मार्गदर्शक रागिणी मॅडम ओळीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, पानं उचलून पाहिली, दोन काड्या मोडून डोळे सोलून पाहिले. मॅडम पुण्याकडच्या. बारा वर्षं अकोल्यात राहूनही वऱ्हाडी बोलण्याच्या रोखठोकपणानं त्या अजून दचकत, पण वेलीच्या बाबतीत त्यांचं कधी चुकत नसे.

"मे महिन्यात ह्या ओळीवर सावली कुणी केली?" त्यांनी विचारलं.

वेलीनं सांगून टाकलं होतं. कुणी, ते तेवढं वेलीला सांगता येत नव्हतं.

गजालाच्या आधी मॅडमकडे जो विद्यार्थी होता, त्यानं वसतिगृहात बसून तापमानाचे आकडे भरले होते. मॅडमनी त्याला आठवड्याच्या आत घालवलं होतं. गजालाला तोच आठवला. त्याचं पुढं काय झालं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसणंच जास्त भीतिदायक होतं. ती म्हणाली, की ती तेव्हा अचलपूरला होती, काकांनी उन्हाला घाबरून झाकलं असेल.

खुशालरावांना बोलावणं गेलं. ते हातातली कात्री पुसत पुसत आले आणि प्रश्न ऐकून त्यांना काही विशेष वाटलंही नाही.

"मीच झाकली ना. शेंडे चहापत्तीवानी झाले होते. गजाला बेटीले फोन केला तं ते म्हनली, नेट टाकून द्या."

मॅडमनी गजालाकडे पाहिलं. हो म्हणायला तिच्याकडे दोन-तीन सेकंद होते. तेवढे पुरेसे असतात.

"मी? नाही, काका," ती म्हणाली. "मला तर असं काही आठवत नाही."

खुशालराव रागावतील, मोठ्यानं बोलतील, देवाची शपथ घालतील, असं तिला वाटलं होतं. त्यासाठी तिनं मनाशी तयारीही केली होती. तसं काही झालं नाही. त्यांनी तिच्याकडे नवलानं पाहिलं आणि मग त्यांची नजर तिच्यावरून निघून गेली. ती पोरगी खोटं बोलेल ही शक्यता त्यांच्या मनाला शिवलीच नाही; त्यामुळे शोधायला जागा एकच उरली, आणि ती स्वतःच्या डोक्यात होती. त्या पावसाळ्यात त्यांच्याकडून पाण्याचा कॉक दोनदा चालू राहिला होता. एकदा त्यांनी गजालाला आधीच्या विद्यार्थ्याच्या नावानं हाक मारली होती. अठ्ठावन्न वर्षांच्या कुठल्याही माणसाकडून होतं तेवढंच. पण आता त्या सगळ्या बारीकसारीक चुका ओळीनं येऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या असाव्यात.

"मंग माह्याच डोक्यात आलं असन," ते हळू म्हणाले. "मले वाटलं फोन झाला. नसन झाला."

मॅडमनी त्यांना फार काही बोल लावला नाही. विचारल्याशिवाय करत जाऊ नका, एवढंच म्हणाल्या. त्यांच्यापुरतं प्रकरण तिथं मिटलं. दुसऱ्या दिवशी खुशालराव लांबट वही घेऊन आले.

त्यानंतर गजाला त्यांच्याशी जास्तच गोड वागू लागली. अचलपूरहून येताना त्यांच्यासाठी खजूर आणायची, चहा आपल्या हातानं द्यायची, होतं हो काका असं कधीकधी, म्हणायची. असं म्हणताना आपण त्यांना माफ करतो आहोत असा सूर लागतो, हे तिच्या लक्षात यायचं. खुशालराव मात्र सगळ्यांना सांगत, की आपल्या चुकीनं पोरीचं वर्ष बुडालं, पण तिनं एका शब्दानं दुखवलं नाही.

आणि आता शनिवार तीन दिवसांवर आला होता.

गजाला उठली. बशा झाकून ठेवल्या, हात धुतले आणि मॅडमच्या खोलीत गेली. बसा म्हटल्यावरही ती उभीच राहिली. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं, ताटं, चावी, एकोणीस दिवस, कोठीत ठेवलेली घडी. सांगताना तिचा आवाज एकदाही कापला नाही, ह्याचं तिला नंतर वाईट वाटलं.

मॅडमनी समोरचे कागद बाजूला सारले. मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. हे सगळं आजच्या आज लेखी द्यायचं. ह्या हंगामाच्या नोंदी बाद. हाच हंगाम पुन्हा घ्यायचा. आधीच्या दोन वर्षांचा प्रत्येक आकडा त्या स्वतः तपासतील, आणि एकही खोटा निघाला तर तिनं अकोला सोडायचं. गजाला प्रत्येक वाक्याला मान हलवत गेली. शिक्षा मोठी होती आणि ती ऐकताना तिला मोकळं वाटत होतं.

"खुशालरावांना सांगितलंत?" मॅडमनी शेवटी विचारलं.

"नाही, मॅडम. अजून नाही."

"मग आधी इथं कशाला आलात?"

मॅडमना सांगणं सोपं होतं. मॅडम फक्त वर्ष काढून घेणार होत्या.

तिनं कागद लिहून दिला, रिक्षा केली आणि डाबकी रोडला उतरली. खुशालराव बुधवारी अर्धा दिवसच असत, दुपारी घरी पोचलेले असणार. घर आतल्या गल्लीत होतं. ईदेला त्यांना शीरखुर्मा द्यायला ती एकदा आली होती, तेव्हा ते तिला घ्यायला पार मोठ्या रस्त्यापर्यंत आले होते. आता तिला दोनदा विचारावं लागलं.

अंगणात खुशालराव आणि त्यांच्या पत्नी इंदूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तिला पाहून इंदूबाईंनी पदर सावरला, पाणी आणलं, सतरंजी झटकून अंथरली. खुशालराव म्हणाले, की काही राहिलं का मळ्यावर, त्यांच्याकडून काही उघडं राहिलं का? नाही, ती म्हणाली, सगळं नीट आहे. ते तरी वही पाहायला उठून आत गेले.

ते आत होते तेवढ्यात इंदूबाईंनी हलक्या आवाजात तिला घरची हकिगत सांगितली. गॅसपाशी त्यांना आता कुणी जाऊ देत नाही. पैसे-कागद किशोर बघतो. त्यांची नात आकांक्षा दुसरीत आहे, तिला शाळेतून आणायचं काम खुशालरावांचं होतं. पोरगी बालवाडीत गेली तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. मळ्याहून थेट शाळेत जायचे आणि येताना दोघं काहीतरी खात खात यायचे. डिसेंबरात तेही बंद केलं.

"कोनी मना नाही केलं, बाई," इंदूबाई म्हणाल्या. "तेच म्हनले, मी पोरीले कुटी इसरून येईन. आता मीच जाते."

खुशालराव बाहेर येऊन पुन्हा शेंगांपाशी बसले. गजालानं हातातला पेला खाली ठेवला.

"काका, तुमाले एक सांगाचं हाय. मे महिन्यात तुमी फोन केला होता. नेट टाका असं मीच म्हनली होती. तुमाले बराबर आठवत होतं. मॅडमसमोर मी खोटं बोलली, मले भेव लागलं म्हनून. तुमच्या डोक्याले काही झालं नाही. आज मी मॅडमले सगळं लिहून देऊन आली."

इंदूबाईंचा हात थांबला. खुशालरावांचा थांबला नाही. त्यांनी हातातली शेंग पुरती सोलली, दाणे टोपलीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"लिहून देलं?"

"हो."

"मंग तुवं वर्स?"

"पुन्हा करीन. ते जाऊ द्या, काका."

खुशालराव पत्नीकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाय वं. माह्यापायी पोरीनं सोताचं वर्स घातलं. मी शनिवारी किल्ल्या देतो म्हनलं ना सकाळी, ते हिच्या जिवाले लागलं."

"तुमच्यापायी नाही, काका. खरंच तसं झालं होतं."

"हो, हो," ते म्हणाले. ताप आलेल्या लेकराला म्हणतात तसं.

गजालानं पुन्हा सांगितलं, ह्या वेळी बारीकसारीक गोष्टींसह. फोन दुपारी आला होता. तुम्ही सेहेचाळीस म्हणालात. पहिल्या ओळीचे शेंडे चहापत्तीवानी झाले म्हणालात. ते प्रत्येक गोष्टीला मान हलवत राहिले आणि शेवटी समजावणीच्या सुरात म्हणाले, की हे सगळं त्यांनीच तर नोव्हेंबरात मॅडमसमोर सांगितलं होतं, तिथूनच तिनं ऐकलंय. मग ती पेटीच्या चावीबद्दल बोलली, ताटांबद्दल बोलली. ते त्यांना कसं माहीत असणार? लग्नघरात चावी तर कुणीतरी मागतंच. ती जे जे पुढं करी ते एक तर त्यांचंच असे किंवा फक्त तिचं असे. दोघांचं म्हणून त्या फोनमधलं काहीच शिल्लक नव्हतं, कारण जे होतं ते तिनं त्या दिवशी, त्या दोन-तीन सेकंदांत, पुसून टाकलं होतं.

"काका, मी कुराणाची कसम खाऊन सांगते."

"नाही, बेटा." त्यांनी घाईनं हात वर केला. "माह्यासाठी असं नको करू. एवढ्या मोठ्या गोष्टीची कसम आन् ते बी अशा कामाले. तू उद्या जाऊन मॅडमचा कागद वापस घे. म्हनावं, काकाची दया आली म्हनून लिवलं."

इंदूबाई उठल्या. तुरीच्या शेंगांनी हिरवट झालेले हात त्यांनी पदराला पुसले, गजालाच्या दोन्ही गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडकड आवाज झाला. आपल्या पोटच्या पोरानं नसतं केलं, त्या म्हणाल्या. गजालाला तिथून पळून जावंसं वाटलं. मॅडमच्या खोलीत जे हलकं झालं होतं ते सगळं परत आलं, आणि आता ते उतरवायला कुठलीच जागा नव्हती. खोटं ती एकदा बोलली आणि त्यांनी लगेच मानलं. खरं ती तिसऱ्यांदा सांगत होती.

सव्वाचार झाले तशा इंदूबाई शाळेत जायला निघाल्या, चपला शोधू लागल्या.

"आज काकाले जाऊ द्या," गजाला म्हणाली.

इंदूबाईंनी पतीकडे पाहिलं. खुशालराव टरफलं गोळा करत होते.

"एकट्यानं नको," ते खाली पाहूनच म्हणाले.

"मी येते ना संगं."

त्यांनी टरफलं एका बाजूला केली. मग उठले, तोंडावर पाणी मारलं, टोपी घातली. टोपी घातल्यावर ते बरेचसे पूर्वीसारखे दिसू लागले. दारातून निघताना त्यांनी इंदूबाईंना सांगितलं, की गजाला बरोबर आहे, काळजी करू नको. मळ्यावर ते नेहमी तिच्या दोन पावलं पुढं चालत, वेलीतून वाट काढत, बोलत बोलत. आता ते तिच्या मागून चालत होते. ती हळू झाली की तेही हळू होत.

गल्ली संपली तिथं पिठाची गिरणी होती, आणि गिरणीपासून रस्ता दोन्हीकडे फुटत होता. गजाला थांबली. डावीकडे घरं, उजवीकडेही घरं. ह्या भागात ती दुसऱ्यांदाच येत होती. ती मागं वळली तर खुशालरावही थांबलेले, तिच्याकडेच पाहत होते.

"कोनीकून जाचं, बेटा?"

त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. खरोखर विचारत होते. पिठाचा डबा डोक्यावर घेतलेली एक बाई त्यांना ओळखून म्हणाली, की काका लय दिवसांनी दिसले. त्यांनी तिला हात केला, नावानं हाक मारली, आणि नजर परत गजालाकडे आणली.

"मले रस्ता माहीत नाही, काका," ती म्हणाली. "तुमीच न्या."

खुशालरावांनी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. त्यांचा डावा पाय उचलला गेला आणि जागच्या जागी परत टेकला. तेवढ्यात डावीकडच्या रस्त्यानं निळ्या गणवेशातल्या दोन पोरी दप्तरं हलवत येताना दिसल्या, त्यांच्यामागं आणखी तीन-चार. शाळा सुटली होती. खुशालरावांनीही त्या पाहिल्या. तरी ते हललेच नाहीत. गजाला हो म्हणेल म्हणून तिच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले.